वायरलेसवरची शाळा आणि मेजरमामाचं डावं-उजवं

माझा मामा युद्धावरून परत आला तो एक लोखंडी ट्रंक, मेजरचा हुद्दा आणि एक खोड घेऊन. ट्रंक मामीनं माळ्यावर टाकली. हुद्दा गावानं त्याच्या नावाच्या जागी वापरायला घेतला. खोड तेवढी आम्हा घरच्यांच्या वाट्याला आली.

खोड अशी, की मामाचं डावं-उजवं कधीच त्याचं स्वतःचं नसायचं. ते समोरच्याचं असायचं. मामा फौजेतला डॉक्टर, आणि डॉक्टर लोकांत तसा नियमच असतो म्हणा. रोगी समोर पडलेला असतो, तेव्हा डावा पाय म्हणायचं ते रोग्याचा डावा पाय, डॉक्टरच्या डाव्या हाताचा नव्हे. युद्धावर एका धावपळीच्या दिवशी मामाच्या हाताखालच्या कंपाउंडरनं एका जवानाच्या धडधाकट पायाला प्लास्टर घातलं होतं. तेव्हापासून मामानं हा नियम असा काही अंगात भिनवून घेतला, की तो माणसांपुरता राहिलाच नाही. मी त्यांच्याकडे राहायला आले त्याच दिवशी त्यानं मला कपाटाच्या डाव्या कप्प्यातला टॉवेल आणायला सांगितला. मी डावा कप्पा उघडला तर आत मामाचे बूट.

"अगं, कपाट तुझ्याकडे तोंड करून उभं आहे ना? मग त्याचा डावा हात कुठला?"

"मामा, कपाटाला हात नसतात."

"रोग्यांनाही कधी कधी नसतात," तो शांतपणे म्हणाला.

मामीची गोष्ट वेगळी. इतक्या वर्षांच्या संसारात ती एका बाजूचं ऐकून दुसऱ्या बाजूला हात घालायला शिकली होती. मामा 'उजवीकडे' म्हणायच्या आत तिचा हात डावीकडे गेलेला असे, आणि त्यात काही वावगं आहे हे तिला आता आठवतही नव्हतं. मी मात्र गावातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका, त्यातून जिभेनं जरा तिखट. घरात एक तरी माणूस सरळ बोलणारं हवं, असं माझं म्हणणं, आणि ते काम मी मनापासून करत असे.

मामा गावच्या सरकारी दवाखान्यात मुख्य डॉक्टर होता. दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी. वर डोंगरात आणि पलीकडे पठारावर सरकारी ठाणी विखुरलेली होती. धरणाची चौकी, रेल्वेच्या बोगद्याची राखण, हवामान केंद्र, जंगलखात्याचा नाका आणि पार पलीकडच्या अंगाला मिठागर. एका ठाण्यावर एक कुटुंब, फार तर दोन. हिवाळ्यात घाट बंद झाला की ही माणसं जगापासून तुटायची. तुटायचा नाही तो फक्त वायरलेस. दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिथे टेबलावर ते यंत्र, खाली बॅटऱ्या, भिंतीला ओल आणि बसायला एक मोडकी खुर्ची. रोज सकाळी एक तास मामा तिथे बसून ठाण्यावरच्या लोकांची दुखणी ऐकायचा. प्रत्येक ठाण्यावर औषधांची एक पेटी होती. मामा सांगायचा, तिकडचा माणूस पेटीतलं औषध शोधायचा. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, मगच दुसऱ्यानं तोंड उघडायचं, हा तिथला शिष्टाचार. आमच्या घरीही मामीशी वाद घालताना मामा शेवटी 'ओव्हर' म्हणायचा. मामी ते कधी मानत नसे.

एका सकाळी धरणावरून मोठ्या माणसाच्या जागी पोरीचा आवाज आला.

"आई उठत नाहीये. अंग खूप तापलंय. बाबा कालव्याच्या दाराकडे गेलेत." मग बराच वेळ नुसती खरखर, आणि घाईघाईनं, "ओव्हर."

मामानं तिला पेटी आणायला लावली. "आता वरच्या खणातल्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते वाच, बेटा. ओव्हर."

"मला वाचता येत नाही. ओव्हर."

हे सगळं मला नंतर परिचारिकेनं सांगितलं. ती म्हणाली, मेजरांचा चेहरा पांढराफटक पडला. युद्धावर जाऊन आलेला माणूस, रोज रक्तामांसात हात घालणारा, तो खुर्चीच्या दांड्याला धरून बसला. मग त्यानं पोरीला बाटल्यांचे रंग विचारले, झाकणं विचारली, प्रत्येक बाटली कानाशी हलवून आत काय वाजतंय ते विचारलं. गोळी सापडली, आईच्या पोटात गेली, दोन दिवसांत ती बाई उठून बसली. हे सगळं नीट पार पडलं. पण मामा त्या दिवशी घरी जेवला नाही.

का, ते मामीनं सांगितलं. मामा युद्धाबद्दल बोलायचा तो फक्त गमतीजमती. बाकीचं मामीला ठाऊक होतं. एकदा म्हणे दरीच्या पलीकडच्या ठाण्यावर दोनच जवान होते, जिवाभावाचे मित्र. त्यातला एक जखमी झाला. मधल्या दरीवर गोळीबार चालू, मामाला जाता येईना. धडधाकट होता त्याच्याशी मामा वायरलेसवर बोलत होता. रक्त थांबवायचं इंजेक्शन पेटीत होतं, पण सगळ्या कुप्या एकसारख्या, आणि जवानाला वाचता येत नव्हतं. मामानं त्याला कुपीवरची अक्षरं दिसतात तशी सांगायला लावली. उभी रेघ आहे का, गाठ कुठे आहे, पोट कुठल्या बाजूला आहे. जवान एक एक अक्षर सांगत राहिला, मामा ओळखत राहिला. नाव अर्धंअधिक जुळलं तेव्हा तिकडून आवाज आला, की आता नको डॉक्टरसाहेब, तो गेला.

"तेव्हापासून यांच्या डोक्यात ते आहे," मामी म्हणाली. "आणखी थोडा वेळ मिळाला असता तर, असं झोपेतही बोलतात."

मी मामाचं झाकून ठेवलेलं ताट उचलून आत नेलं.

दुसऱ्याच दिवशी मामानं सगळ्या ठाण्यांना कळवलं, की दुखण्यांचं आता अर्ध्या तासात उरकायचं आणि उरलेल्या वेळात ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांनी ती यंत्रासमोर आणून बसवायची. शाळा भरणार. शाळा सुरू व्हायच्या आधी त्यानं एक शहाणपणाची गोष्ट केली. घाट बंद व्हायच्या आतल्या शेवटच्या गाडीनं प्रत्येक पेटीसाठी चिकटचित्रं पाठवली आणि बाटल्यांवर डकवायला सांगितली. तापाच्या बाटलीवर सूर्य, पोटाच्या बाटलीवर मासा, जखमेच्या बाटलीवर पान. म्हणजे तोवर कुणाचा जीव अक्षरावाचून जायला नको. चित्रं लेबलांच्या बरोब्बर वर डकवली गेली, हे पुढे महत्त्वाचं ठरणार होतं. पुस्तकंही मागवली, पण ती यायच्या आत घाट बर्फानं बंद झाला. पाट्या आणि कोरे कागद तेवढे वर पोचले होते.

"पुस्तकाशिवाय आणि फळ्याशिवाय अक्षर कसं शिकवणार?" मी विचारलं. "मी इतकी वर्षं शिकवतेय, मला नाही जमायचं."

"तोंडानं. मी एकदा अक्षर नुसतं ऐकून ओळखलंय. त्यांना ऐकून काढता येईल."

मला वाटलं होतं हे खूळ आठवड्याभरात उतरेल. उतरलं नाही. शाळा जोरात चालली. मुलांना नावानं हाक मारायची पद्धत वायरलेसवर नव्हती, ठाण्याचं नाव तेच मुलाचं नाव. धरण नऊ-दहा वर्षांची, सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत भांडखोर. बोगदा तिच्याहून लहान, त्याला मधूनच आगगाडी आली म्हणून थांबायला लागायचं. हवामान ही जुळी भावंडं, दोघं एकदम बोलायची. मिठागर लाजाळू, नाका सतत शिंकणारा. मुलांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण भांडणं अगदी वर्गातल्यासारखी रंगायची. "बोगदा माझ्या आधी बोलला, ओव्हर." "मी ओव्हर ऐकूनच बोललो, ओव्हर." मामी शेजारच्या खोलीत पट्ट्या गुंडाळायला म्हणून जाऊन बसायची आणि घरी येऊन मला सगळं साग्रसंगीत ऐकवायची. मी त्या वेळी माझ्या शाळेत असायचे, त्यामुळे मामाचा एकही धडा माझ्या कानावर पडला नाही. पडला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

कारण मामा शिकवत होता ते असं. "प काढा. एक खांब उभा करा. आता त्याच्या उजव्या हाताला एक पिशवी लटकवा. ओव्हर." मुलं मन लावून काढायची. मामी पट्ट्या गुंडाळता गुंडाळता मान डोलवायची, तिला ते अगदी बरोबर वाटायचं. ओळ कुठून सुरू करायची? उजव्या हाताकडून. रेघ कुठे संपवायची? डाव्या हाताकडे. हिवाळाभर हे चाललं. हिवाळा सरता सरता मुलं आख्खी वाक्यं लिहायला लागली आणि मामा गावभर छाती काढून फिरायला लागला.

आणि मग माशी शिंकली. पठारावरच्या खाणवाल्यांना सकाळचा तो शाळेचा अर्धा तास हवा होता. त्यांच्या मालमोटारींचे निरोप जाण्यासाठी. दुखण्यांना अर्धा तास पुरतोच की, हे मेजरांनी स्वतःच सिद्ध केलंय, असं त्यांचं म्हणणं. वरून हुकूम आला, की शिक्षणखात्याचे अधिकारी येऊन बघतील. वायरलेसवर चाललंय ती खरोखर शाळा असेल तर तास राहील, नाहीतर खाणीला जाईल.

मामानं हे मुलांना सांगितलं. मग धरण म्हणाली, "आम्ही लिहून पाठवतो. सगळ्यांनी पाठवा रे. ओव्हर." त्याच आठवड्यात घाट मोकळा झाला. वर गेलेली पहिली गाडी पुस्तकं देऊन आली आणि येताना सगळ्या ठाण्यांवरून कागदांचं एक गाठोडं घेऊन आली. अधिकारी यायला थोडेच दिवस उरले होते.

गाठोडं मामानं घरी आणलं, लग्नातला आहेर आणावा तशा थाटात. मी सोडलं. वरचा कागद काढला आणि पाहतच राहिले.

"मामा, ही कुठली भाषा?"

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. बघ तूच."

मामानं कागद घेतला, चष्मा लावला, चष्मा काढला. दुसरा कागद घेतला. तिसरा. सगळ्यांवर तीच अगम्य अक्षरं, ठसठशीत, एका रेषेत, आणि त्यातलं एकही ओळखीचं नाही. मामी आरशासमोर केस विंचरत होती. मामानं खाली ठेवलेला पहिला कागद मी पुन्हा उचलला होता, तो तिला आरशात दिसला.

"किती सुरेख लिहिलंय गं!" ती म्हणाली. "'माझे घर धरणावर आहे. खाली पाणी आहे. वर मी आहे.'"

मामी अजून कौतुकानं आरशात बघत होती. मी कागदाकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, आणि मग मामाकडे.

"मामा, तू त्यांना प कसा शिकवलास?"

"खांब. आणि उजव्या हाताला पिशवी."

"कुणाच्या उजव्या हाताला?"

"प च्या," मामा म्हणाला, आणि स्वतःच्या हातातला कागद हळूच आरशाकडे वळवला.

मी आधी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. हिवाळाभर एका डॉक्टरनं प्रत्येक अक्षराला रोगी समजून समोर निजवलं होतं, आणि डोंगरातली सगळी पोरं झाडून उलटी लिहायला शिकली होती. आईबापांना दिसलं नाही का? बोगद्याच्या बापाला सही करता येत होती. त्यानं नंतर सांगितलं, की त्याला जरा वेगळं वाटलं होतं, पण आता नवीन पद्धत आली असेल, आपण अडाण्यांनी कशाला मध्ये बोलावं. पेट्यांवरची लेबलं तर चित्रांखाली झाकलेली. छापलेलं अक्षर पोरांच्या नजरेला पडलंच नव्हतं. माझं हसू थांबलं ते मामाकडे बघून. इतका म्हातारा तो मला कधी दिसला नव्हता.

"तास गेला," तो म्हणाला. "माझ्या पायी गेला."

त्याची समजूत काढायला आम्ही त्याला दवाखान्यात घेऊन गेलो, कारण घरी तो नुसता भिंतीकडे बघत होता. तिथे एक्स-रे बघायची उजेडाची पेटी होती. मामीनं सहज एक कागद पालथा करून तिच्यावर लावला, दिवा लावला, आणि अक्षरं सरळ झाली. बोगद्यानं लिहिलं होतं, 'गाडी येते तेव्हा आमचा चहा हलतो.' मिठागरानं फक्त स्वतःच्या बहिणींची नावं लिहिली होती, एकाखाली एक. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती.

मला लगेच कल्पना सुचली. "मामा, साहेब आले की सगळे कागद या पेटीवर असेच लावून दाखव. दवाखाना आहे, इथे सगळं उजेडावर धरूनच बघतात म्हणून सांग. कोण कशाला पालथा करून बघतोय? तोवर मुलं पुस्तकं बघून सुधारतील."

मामी म्हणाली, "खरंच, काय हरकत आहे?"

मामा पेटीसमोर बराच वेळ उभा होता. त्याला मोह झाला होता, मी शपथेवर सांगते. मग त्यानं दिवा घालवला. "एक्स-रे उलटा लावला आणि कुणाला सांगितलं नाही, की भलत्या बाजूचं पोट फाडलं जातं," तो म्हणाला. "आधी मुलांना सांगू. मग साहेबांना."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि वायरलेसच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मामानं आढेवेढे घेतले नाहीत. मी चुकलो, म्हणाला. तुम्ही सगळं बरोबर ऐकलंत, मी चुकीचं बोललो. तुमची सगळी अक्षरं उलटी आहेत. शाळेत सोडायचे म्हणून बांधून ठेवलेत ते नव्या पुस्तकांचे गठ्ठे सोडा, पुस्तकं उघडून बघा. ओव्हर.

पानं उलटल्याचे आवाज आले. मग बोगद्याचा अगदी बारीक आवाज, "म्हणजे आम्हाला वाचता येत नाही? ओव्हर."

मामानं डोळे मिटले. मला वाटलं आता हा ढासळतो. पण त्यानं यंत्र दोन्ही हातांनी धरलं आणि लढाईच्या मैदानावरचा असावा असा आवाज काढला. "येतं. तुमचा कागद घ्या. पालथा करा. खिडकीच्या काचेवर टेकवा आणि मागून बघा. मग पुस्तकात बघा. ओव्हर."

थोडा वेळ गेला. मग 'ओव्हर' वगैरे सगळा शिष्टाचार धाब्यावर बसवून पाची ठाणी एकदम बोलायला लागली. दिसतंय, तेच आहे, तेच अक्षर आहे, हवामानची जुळी तर नुसती किंचाळत होती. त्यानंतरचे दिवस खिडक्यांच्या काचांवर गेले. कागद पालथा टेकवायचा, मागून दिसतं तसं कोळशानं गिरवायचं. धरणाच्या चौकीची खिडकी कोळशानं एवढी काळी झाली, की पोरीच्या बापाला पाण्याची पातळी बघायला बाहेर जावं लागे.

शिक्षणखात्याचे साहेब आले ते उंच, कृश, आणि हसण्याची परवानगी वरून आणावी लागते अशा चेहऱ्याचे. मामानं त्यांच्यासमोर हिवाळ्यातले उलटे कागद ठेवले, उलटेच. कारण सांगितलं. डावं, उजवं, रोगी, कपाट, सगळं. मी दारात उभी राहून नखं खात होते. साहेबांनी कागद पाहिले, मामाला पाहिलं, पुन्हा कागद पाहिले.

"डॉक्टर, हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर चाललं असतं."

"मला चाललं नसतं."

"खाणवाल्यांना मात्र फार आवडेल," साहेब म्हणाले, आणि मोडक्या खुर्चीत बसले. "मुलांशी बोलायचंय."

त्यांनी प्रत्येकाकडून नव्या पुस्तकातलं वाचून घेतलं. मुलं अडखळली. मिठागरानं रडायच्या बेतात येऊन एक ओळ पुरी केली. नाका दोनदा शिंकला. बोगद्यानं आगगाडी जाईपर्यंत थांबून मग वाचलं. जेमतेम होतं सगळं, माझ्या शाळेतल्या मुली याहून कितीतरी बरं वाचतात. शेवटी धरणाची पाळी आली. तिचं वाचून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "तुम्हाला हिवाळाभर चुकीचं शिकवलं गेलं. तुझी काही तक्रार आहे का? ओव्हर."

"आहे. ओव्हर."

मामानं मान खाली घातली.

"काय तक्रार आहे? ओव्हर."

"अर्धाच तास असतो. मी बोलायला लागले की संपतो. ओव्हर."

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मी पाहिलं. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ काही लिहिलं. मग उभं राहून निकाल सांगितला. तास राहील, पूर्ण तास शाळेला, आणि दुखण्यांसाठी त्याआधीचा अर्धा तास वेगळा मिळेल. पण एका अटीवर. शिकवायला प्रशिक्षित शिक्षक हवा. डॉक्टरांनी यापुढे अक्षरांना हात लावायचा नाही, शाळेच्या वेळात यंत्रावर बोलायचंसुद्धा नाही.

"मंजूर," मामा म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की साहेबही क्षणभर गोंधळले.

प्रशिक्षित शिक्षक दारात नखं खात उभीच होती. मला कुणी विचारलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते. माझ्या मुख्याध्यापिकेलाही साहेबांनी परस्पर सांगून टाकलं. मी घरी येऊन तणतण केली, आणि मध्येच थांबले, कारण मामा हसत नव्हता, टोमणे मारत नव्हता. जेवताना मामीला म्हणाला, "मीठ दे, तिथे आहे बघ." डावं नाही, उजवं नाही. नुसतं बोट दाखवलं. मला त्या माणसाचा इतका राग यायचा, आणि त्या घटकेला मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते माया सोडून दुसरं काही नव्हतं.

शाळेच्या पहिल्या सकाळी मी मोडक्या खुर्चीत बसले. मामा वॉर्डात जातो म्हणाला होता. गेला, आणि जरा वेळानं परत आला. कोपऱ्यात बॅटऱ्यांशेजारी स्टूल ओढून, हात काखेत घालून बसला. मी हजेरी घेतली. सगळे होते. मी पुस्तक उघडलं, तोच धरण म्हणाली, "बाई, धड्याच्या आधी आमच्याकडे एक जण वाचणार आहे. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"आई. मी शिकवलंय. डॉक्टर आहेत का तिथे? ओव्हर."

मी मामाकडे पाहिलं. त्यानं बोलायचं नाही म्हणून ओठ घट्ट मिटले आणि नुसती मान हलवली. "आहेत," मी सांगितलं. "ऐकताहेत. ओव्हर."

खरखर झाली, यंत्र हातात देता-घेताना होते तशी. मग एका बाईचा आवाज आला, घसा साफ केल्याचा. त्यानंतर कागद सोलल्यासारखा आवाज. तिनं तापाच्या बाटलीवरचं सूर्याचं चित्र सोलून काढलं होतं.

"ताप... आ... आल्यास," ती म्हणाली. प्रत्येक अक्षर पाण्यात पाय टाकून बघावा तसं. "ताप आल्यास एक... गो... गोळी." थांबली. "एक गोळी." पुन्हा थांबली. मग पुढच्या शब्दावर पार अडली. "जे," म्हणाली, आणि पुढे काहीच नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

मला राहवेना. शब्द माझ्या ओठावर होता. मी यंत्राकडे झुकले, बटणाकडे हात नेला, तर मामानं माझं मनगट धरलं. कोपऱ्यातून केव्हा उठला ते कळलंच नाही.

"थांब."

"मामा, अडलीये ती."

"अडू दे," तो म्हणाला. "कुणी मरत नाहीये. वेळ आहे तिला."

आम्ही थांबलो. वर डोंगरात सगळी ठाणी थांबली होती. 'जे' आला, मग 'व', मग बराच वेळ 'णा', मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मामानं माझं मनगट तसंच धरून ठेवलं होतं, घट्ट, दुखेल इतकं.

"जेवणानंतर," ती बाई म्हणाली. मग स्वतःशीच, हसून, "जेवणानंतर घ्यावी."

मामानं माझा हात सोडला. तो रडत होता, आणि ते त्यानं लपवलं नाही.